अंबड ते गंगापूर धरण: बोट ओढायला कुठली डिझेल पिकअप?

पिकअप घ्यायची ठरली आणि जो भेटेल तो मला ताकदीचे आकडे सांगायला लागला. किती हॉर्सपॉवर, किती न्यूटन मीटर टॉर्क, टर्बो कितव्या आरपीएमला लागतो. गाडी एका वेळी किती किलोमीटर पळणार, हे मात्र कुणीही विचारलं नाही. शोरूमवाल्याने नाही, भावाने नाही, चहाच्या टपरीवरच्या तज्ज्ञांनी तर नाहीच. माझ्या कामात सगळं गणित तिथेच अडतं, म्हणून हा लांबलचक लेख.

आधी काम सांगते. अंबड एमआयडीसीत आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. अण्णांनी सुरू केलं, आता मी बघते. पाण्याच्या टाक्या, दरवाजे, सिक्युरिटी केबिन हे रोजचं, आणि बोटी हा अण्णांचा जुना नाद, जो हळूहळू धंदा झाला. धरणांवरच्या मच्छीमार सोसायट्या, एखादा फार्महाउसवाला, आणि सिंहस्थ २०२७ जवळ आल्यापासून बचावाच्या बोटींची चौकशी करणारे ठेकेदार, असं आमचं गिऱ्हाईक.

"नाशकात बोटी? समुद्र कुठाय तुमच्याकडे?" हा प्रश्न मुंबईचा प्रत्येक सप्लायर विचारतो. त्यांना मी दत्तू भोकनळचं नाव सांगते. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथला हा मुलगा सैन्यात गेल्यावर वल्हं मारायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. त्यानंतर सप्लायर गप्प बसतो. असो.

बोट तयार झाली, इंजिन बसवलं की गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी पाण्यात उतरवून बघावीच लागते. कुठे पाझरते का, इंजिनची उंची बरोबर आहे का, चार माणसं एका बाजूला बसली तर किती कलते. जलसंपदा विभागाचं पत्र खिशात घालून आम्ही गंगापूर धरणावर जातो. अंबड-सातपूर लिंक रोड, पपया नर्सरी, मग गंगापूर गावाकडे, पुढे गोवर्धन आणि सावरगावचा रस्ता. वीस किलोमीटरच्या आतलं काम. त्यातला निम्मा रस्ता सिग्नल, कंपन्यांच्या शिफ्टच्या बस आणि रिक्षा यांतून जातो. शनिवार-रविवारी तर सुला वायनरीकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत ट्रेलर घेऊन अडकणं ही शिक्षाच, म्हणून आम्ही मंगळवार-बुधवार धरतो.

इतकी वर्षं हे काम अण्णांच्या जुन्या पिकअपने केलं. ती धूर ओकायची, थंडीत सकाळी नखरे करायची, पण तिच्या डॅशबोर्डवर पेटायला फारसे दिवेच नव्हते. आता तिचं आयुष्य संपलं.

ओढायचं किती?

हे एकदा कागदावर मांडा. अंदाजाने बोलणारे "टनभर असेल" म्हणतात. आमची सोळा फुटी बोट, नुसता हल, म्हणजे बोटीचं रिकामं अंग, साधारण २८० किलो. ४० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसणारं इंजिन, शंभराच्या आसपास. पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेट मिळून साठ. ट्रेलर २६०. झाले सातशे किलो.

सातशे किलोचा ट्रेलर सपाट डांबरावर ओढायला किती जोर लागतो? वर्कशॉपच्या आवारात आमची दोन पोरं तो हाताने ढकलतात. ताशी ५० च्या वेगाने गाडी आणि ट्रेलर दोन्ही मिळून सपाट रस्त्यावर न्यायला पंधरा हॉर्सपॉवरसुद्धा पुरतात. म्हणजे रस्त्यापुरतं बोलायचं तर बाजारातली कुठलीही पिकअप चालेल. इथपर्यंत आलं की टॉर्कवरची सगळी भांडणं मिटतात.

मग भांडण कशाचं? दोन गोष्टींचं. एक, थंड इंजिन. दुसरी, धरणाचा काठ.

डीपीएफ नावाचं प्रकरण

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस सिक्स आलं. डिझेल गाडीच्या धुरातली काजळी किलोमीटरला साडेचार मिलिग्रॅमच्या आत ठेवायची, आणि कणांची संख्याही मोजायची, असा नियम झाला. नुसतं इंजिन सुधारून हे जमत नाही. म्हणून सायलेन्सरच्या वाटेत सिरॅमिकचा एक फिल्टर बसला, डीपीएफ. त्याच्या बारीक नळ्या एकाआड एक बंद असतात. धूर भिंतीतून झिरपून बाहेर जातो, काजळी आत राहते.

आत राहिलेली काजळी जाळावी लागते. हायवेवर गाडी भरून चालली की एक्झॉस्ट आपोआप इतका तापतो की काजळी हळूहळू जळत राहते, चालवणाऱ्याला कळतही नाही. तसं झालं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतः जाळ लावतो. सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, ते पुढे कॅटॅलिस्टमध्ये पेटतं आणि फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापतो. याला रीजनरेशन म्हणतात. साधारण पंधरा-वीस मिनिटं गाडी बऱ्या वेगात सलग चालली तर ते पुरं होतं. आणि मुळात ते सुरू व्हायलाच इंजिन नीट तापलेलं असावं लागतं.

आता माझा प्रवास बघा. अंबडहून निघाले, इंजिन थंड. पाण्याचा काटा पाच-सहा किलोमीटरात मध्यावर येतो, पण ऑइल तापायला त्याच्या दुप्पट अंतर लागतं. पपया नर्सरीच्या सिग्नलला थांबले, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. गंगापूर गाव सोडल्यावर कुठे रस्ता मोकळा होतो, आणि तिथे रीजनरेशन सुरू होईतो धरण येतं. गाडी बंद. चार तास बोटीची टेस्ट. इंजिन गार. पुन्हा तोच खेळ उलट दिशेने. ओल्या लाकडाची चूल पेटतेय न पेटतेय तोच कुणी पाणी ओतावं, तसं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नणंदेच्या मिस्टरांची डिझेल एसयूव्ही इंदिरानगर ते सीबीएस एवढीच धावते. एकदा ते वर्कशॉपवर आले, गाडी बंद केली तरी पुढचा पंखा भणाणत राहिला आणि बॉनेटखालून तापलेल्या लोखंडाचा वास. "काल पण असंच झालं," भाऊजी म्हणाले. आमच्या मेस्त्रींनी डिपस्टिक काढली. ऑइलची खूण वरच्या रेषेच्याही वर. कमी व्हायचं ते वाढलेलं! त्यांनी थेंब बोटांत चोळला, नाकाशी धरला आणि बोट माझ्यापुढे केलं. स्वच्छ डिझेलचा वास. रीजनरेशन दर वेळी अर्धवट तुटलं की ते उशिरा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलवर टर्बो लवकर झिजतो. भाऊजींना मेस्त्रींनी त्याच दिवशी ऑइल बदलायला लावलं आणि सिन्नरपर्यंत चौथ्या गिअरमध्ये चक्कर मारून यायला सांगितलं. आता ते महिन्यातून दोन-तीनदा बायकोला घेऊन सिन्नरला जातात. नणंद खूश आहे.

डॅशबोर्डवरच्या डीपीएफच्या दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी आधी ताकद कमी करते, मग सर्व्हिस सेंटरला नेऊन मशीन लावून जबरदस्तीने फिल्टर जाळावा लागतो, आणि त्यानेही भागलं नाही तर फिल्टरच बदला. ते बिल हजारांत थांबत नाही. शिवाय काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, लो सॅप्स म्हणतात ते ऑइल लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानातला स्वस्त डबा इथे चालत नाही. काही गाड्यांना वर युरियाचं पाणीही लागतं, डीईएफ. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि उन्हात ठेवलं की लवकर खराब होतं. नाशिकच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली कॅन साठवू नका.

शोरूममध्ये मी हे सगळं विचारलं. सेल्सचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हायवेला तर जात असालच ना कधीतरी!" त्याचा सूर बेफिकीर होता, पण उत्तर त्याच वाक्यात होतं.

लहान इंजिन का?

पहिल्यांदा माझ्याही मनात टोयोटाची हायलक्स होती. २.८ लिटर, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर, मागच्या ॲक्सलला डिफ लॉक, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसरं फिरत राहतं, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. गाडी म्हणून बोट ठेवायला जागा नाही. धरणाच्या काठावर ती उभी राहिली की गिऱ्हाइकाला बोटीचा भावसुद्धा कमी वाटेल, असं भाऊ म्हणाला, आणि ते खोटं नाही.

पण गणित परत करा. सातशे किलोचा ट्रेलर घेऊन ५० च्या वेगाने जायला पंधरा हॉर्सपॉवर. २०४ मधले पंधरा मागितले तर इंजिन डुलक्या घेत काम करतं. एक्झॉस्ट कोमट राहतो. काजळी जाळायला लागणारी उष्णता इंजिनावर भार पडला की येते, आणि भार म्हणजे त्या इंजिनाच्या ऐपतीच्या मानाने किती काम. ७५ हॉर्सपॉवरच्या इंजिनकडून पंधरा मागितले तर तो पाचवा हिस्सा झाला. ते इंजिन निदान जागं असतं. लहान अंतरासाठी, हलक्या वजनासाठी ताकदवान डिझेल घेणं म्हणजे ते थंड ठेवायची सोय करणं. हे लक्षात आल्यावर माझी अर्धी यादी आपोआप खोडली गेली.

मधल्या गटात इसुझुची व्ही-क्रॉस. १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर, फोर बाय फोर, आणि तेही लो रेंजसकट, म्हणजे वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणाऱ्या जादा गिअरसकट. ही मला खरोखर आवडली. चालवायला कारसारखी, ब्रेक चांगले, एअरबॅग. तिला मी सहजासहजी सोडलं नाही, पुढे सांगते का सोडलं ते.

काठ

ज्यांनी बोट फक्त क्लबच्या सिमेंटच्या उतारावरून उतरवलीय त्यांना हा भाग अतिशयोक्त वाटेल. आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या धरणांवर उतार नसतोच. दारणा, मुकणे, वालदेवी, कुठेही जा, काठ म्हणजे काठ.

सप्टेंबरात धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी मुरमापर्यंत येतं, गाडी टणक जमिनीवर उभी राहते, मजाच. मे महिन्यात तेच पाणी कितीतरी आत सरकलेलं असतं, आणि मधल्या पट्ट्यात धरणाचा गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला, पांढुरका. त्यावरून माणूस चालत जातो, शेळ्या जातात. ट्रेलरचं चाक त्यावर आलं की वरचा पापुद्रा कडकन मोडतो आणि चाक खालच्या काळ्या चिखलात रिमपर्यंत बसतं. रस्त्यावर जो ट्रेलर दोन पोरं ढकलतात, तोच इथे दहा-पंधरा पट जोर मागतो. वर चढ. वर बोट ओली, तळाला साचलेलं पाणी.

अशा वेळी टू व्हील ड्राइव्ह पिकअपची मागची चाकं जागच्या जागी फिरतात, कारण मागे पाळणा, म्हणजे मालाचा हौदा, रिकामा आणि सगळं वजन पुढच्या इंजिनावर. फोर बाय फोर इथे चैन उरत नाही. आणि फोर बाय फोर म्हणजे नुसती चारी चाकं फिरणं नाही, लो रेंज पाहिजे. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी सरपटत वर येते. हाय रेंजमध्ये तेच करायला गेलात तर क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो आणि दोन-तीन उतरवण्यांत क्लच प्लेटचा तो कडवट वास यायला लागतो. रिव्हर्सला तर जास्तच, कारण ट्रेलर मागे घेताना वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी हवा. ऑटोमॅटिकला हा त्रास नाही, हे मान्य. बजेट असेल त्यांनी काठासाठी ऑटोमॅटिक घ्यावी, रस्त्यासाठी नाही.

आणि गाडी कुठलीही असो, मागच्या चाकाआड दगड लावायला एक माणूस उभा ठेवा. हँडब्रेकवर भरवसा ठेवून बोट उतरवणाऱ्यांना आमचे मेस्त्री काठावर उभं राहू देत नाहीत.

पांढरी पाटी की पिवळी

इथे येऊन माझा निर्णय फिरला. डीपीएफसाठी गाडीला आठवड्यातून एकदा लांबची, भारातली फेरी हवी. नुसतं फिल्टर जाळायला डिझेल जाळत सिन्नरला जाणं भाऊजींना परवडतं, मला नाही. म्हणून आधी गाडीला दुसरं काम शोधलं, मग गाडी शोधली. ग्लास मॅटचे रोल, प्लायवूड, जेलकोटचे डबे आमच्याकडे भिवंडीहून येतात, ट्रान्सपोर्टवाल्याच्या सवडीने. हेच काम नव्या पिकअपला द्यायचं. जाताना टाक्या, दरवाजे न्यायचे, येताना सात-आठशे किलो माल भरून कसारा घाट चढायचा. भरलेल्या गाडीने तो घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढताना एक्झॉस्ट जितका तापतो, तितका धरणाच्या कितीही फेऱ्यांनी तापणार नाही. जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पाही सुरू झालाय, जवळजवळ आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांतून घाटाची वळणं चुकतात. सगळे म्हणतात तिकडून जा. मी म्हणते, बाबांनो, मला घाटच हवाय.

पण धंद्याचा माल नियमित वाहायचा तर गाडी मालवाहू म्हणूनच पासिंग झालेली बरी. व्ही-क्रॉस आणि हायलक्स या खासगी पांढऱ्या पाटीच्या दुनियेतल्या गाड्या. पांढऱ्या पाटीवर पाळण्यात प्लायवूड भरून दर आठवड्याला हायवेवर उभं राहून उत्तरं द्यायची माझी इच्छा नाही. पिवळी पाटी घेतली की फिटनेसच्या फेऱ्या येतात, इन्शुरन्स वेगळा येतो, ते सोसायचं. लायसन्सची धास्ती मात्र धरू नका. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

मालवाहू, फोर बाय फोर, आणि पाच माणसं बसतील अशी डबल केबिन, कारण टेस्टला पोरं आणि मेस्त्री बरोबर असतात. एवढ्या चाळणीतून दोनच नावं उरली. टाटा योद्धा क्रू कॅब आणि महिंद्रा बोलेरो कॅम्पर. योद्धाचं २.२ लिटर इंजिन, १०० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन मीटर. कॅम्परचं अडीच लिटर, ७५ हॉर्सपॉवर, २०० न्यूटन मीटर, पण ते १४०० आरपीएमपासूनच मिळतात, आणि काठावर नेमकं तेच लागतं. कागदावर योद्धा जरा पुढे आहे, कुणी ती घेतली तर मी वाद घालणार नाही.

मी कॅम्पर घेतेय. अंबड-सातपूरमध्ये महिंद्राच्या गाडीचा पार्ट जाणणारा माणूस दर तिसऱ्या गाळ्यात सापडतो, कारण त्यातले निम्मे कधी ना कधी महिंद्राच्या इथल्या कारखान्यातच कामाला होते किंवा त्यांना माल पुरवतात. "आपल्या गावची गाडी" हा भावनेचा भाग अण्णांसाठी, माझ्यासाठी तो मेकॅनिकचा भाग आहे. आणि पैशांचं उघडच आहे, एका हायलक्सच्या पैशात जवळजवळ तीन कॅम्पर येतात.

खटकतं काय, तेही सांगते. सुरक्षिततेत व्ही-क्रॉस आणि हायलक्स फार पुढे आहेत. पाटाच्या स्प्रिंगवर रिकामी कॅम्पर उड्या मारते. पाच जण आत असताना घाट उतरायचा तर मला त्या गाड्या जास्त आवडल्या असत्या. लांबून बोट ओढणाऱ्याने, समजा नाशिकहून कोकणात किंवा उजनीला, माझा निर्णय बघूच नये. रोज तासभर हायवे असेल तर डीपीएफ त्याची काळजी स्वतः घेतो, आणि मग ब्रेक, सीट, एअरबॅग यांनाच पहिला नंबर.

ट्रेलर

गाडीवर लाखो घालतात आणि ट्रेलर भंगारातल्या ॲक्सलवर, हे आपल्याकडे सर्रास. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे, त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन होतं. पेठ रोडच्या आरटीओत आधी चौकशी करा आणि मगच वेल्डरकडे जा, उलट क्रमाने गेलात तर दोनदा वेल्डिंग होतं.

हुक बंपरला नको, चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्टने. सेफ्टी चेन जोडाखालून फुलीच्या आकारात, म्हणजे हुकच्या गोळ्यावरून निसटला तरी ट्रेलरचा दांडा रस्त्यावर आपटत नाही. दांड्याचं हुकवर येणारं वजन एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवं. आमच्या सातशेला सत्तर किलो. विटांवर घरातला वजनकाटा ठेवायचा, त्यावर दांडा टेकवायचा, काटा सांगतो. कमी भरलं तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलतो, जास्त भरलं तर गाडीचं तोंड हलकं होतं. इंजिन बसवल्यावर बोटीचं वजन मागे जातं, म्हणून इंजिनशिवाय केलेलं माप धरायचं नाही. युरोपात ७५० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आमचा त्याच्या खाली बसतो, तरी पुढचा ट्रेलर मी ओव्हररन ब्रेकचाच, म्हणजे गाडी थांबताना ट्रेलर पुढे रेटला की आपोआप लागणाऱ्या ब्रेकचाच, बनवून घेणार आहे.

बेअरिंगवर मात्र लहान अंतराचा खास राग असतो. वीस किलोमीटर येऊन हब गरम झालेला, आणि आपण तो थेट धरणाच्या गार पाण्यात बुडवतो. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं. वरून काही दिसत नाही, मग कधीतरी भर रस्त्यात चाक कर्कश्श ओरडायला लागतं. उपाय फुकटचा आहे. काठावर पोचलं की हबला हात लावून बघायचा, गरम असेल तर डबा उघडायचा, भाकरी-ठेचा खायचा, तोवर तो निवतो. ग्रीस पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. धरणाचं पाणी गोडं, म्हणून एवढ्यावर भागतं. खाऱ्या पाण्याचं मला विचारू नका.

वायरिंगचं नव्या गाडीत सांभाळा. जुन्या पिकअपला मेस्त्री टेललॅम्पची वायर सोलून ट्रेलरची वायर पिळून लावायचे आणि काम व्हायचं. आता बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर दिव्याच्या वायरीतला करंट मोजत असतो, जास्त भार दिसला की तक्रार करतो. बॅटरीवरून वेगळी फ्यूज लावलेली लाइन घ्या, टेललॅम्पकडून फक्त इशारा घेऊन रिलेने, म्हणजे त्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचने, ट्रेलरचे दिवे चालवा. आणि दिव्यांची पट्टी काढघाल करता येईल अशी ठेवा, बोट पाण्यात घालायच्या आधी ती सुटी करून पाळण्यात.

गाडी बुक झालीय, रंग पांढरा, कारण फायबरची धूळ पांढरी असते.

आता ज्यांचं काम माझ्यासारखं नाही त्यांच्यासाठी. घरची एकच बोट, रविवारची हौस, गंगापूर रोडवरून धरण दहा-बारा किलोमीटर, आणि एरवी पिकअपला काही काम नाही. अशांनी नवी डिझेल पिकअप घेऊच नये, कितीही सुंदर दिसली तरी. बोट आणि ट्रेलर धरणाजवळच्या गावात कुणाच्या तरी शेतावर भाड्याने ठेवा, आणि उतरवायला त्याचाच ट्रॅक्टर बोलवा. गाळात त्याच्याइतकं खात्रीचं काही नाही, आणि दिवसभर पाच-पाच मिनिटं चालवून बंद केला तरी तो कुरकुर करत नाही. भाडं ठरवताना चढवायचंही आधीच ठरवा. उतरवायला सगळे हसत येतात, संध्याकाळी अंधार पडताना भाव वाढतो.